चुकीचा पेढा

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा माणूस उभ्या मोटारसायकलच्या नंबर प्लेटकडे टक लावून, ओठ हलवत उभा दिसला असता, तर तुम्हाला तो साध्या वेशातला पोलीसच वाटला असता. ते आमचे, म्हणजे सगळ्या ऑफिसचेच, मामा. मी नवी गाडी घेतली त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. मामांनी वाकून नंबर बघितला आणि मान हलवली.

"सतराशे एकाहत्तर. सातानं भाग जातो, अकरानं जातो, तेवीसनं बी जातो. गाडी चांगली आहे, नंबर कच्चा आहे."

मामा आमच्या बियाणे कंपनीत उगवण तपासायचे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि ठरल्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. हे पोटाचं काम. मनाचं काम वेगळंच होतं. जगभरातले हजारो हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधत असतात. मूळ म्हणजे, शाळेत शिकलो ते आठवा, एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही अशी. इंटरनेटवरून ज्याला त्याला एकेक संख्या तपासायला मिळते. कोटी-कोटी अंकांची. साध्या मशीनवर एकीलाच कित्येक आठवडे लागतात. मामांनी प्रयोगशाळेतला अडगळीत पडलेला कॉम्प्युटर साहेबांकडून मागून घेतला होता आणि त्याला या कामाला जुंपलं होतं.

ऑफिसात मात्र समज असा झाला, की मामा मटका खेळतात. एकदा शिपाई हळूच त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"मामा, आज कोणता आकडा येऊन राह्यला?"

"अजून बावीस दिवस लागतील. आन् आकडा सांगायला बसलो, तर तू रिटायर होशील."

"पण सापडली तर तिचा उपयोग काय?" मी विचारायचो.

"बिलकुल न्हाई," मामा अभिमानानं म्हणायचे. "म्हणून तर तिच्यात कुणी भेसळ करत न्हाई."

आणि एका सोमवारी मशीननं कौल दिला: संख्या मूळ आहे. मामा खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. चष्मा पुसून परत वाचलं. दुपारपर्यंत राजूरच्या गणपतीला जाऊन, पेढे घेऊन आले. "दुसऱ्या मशीनवर पडताळणी व्हायची आहे, तवर कुणाला सांगू नका," असं बजावत त्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी गेटवर फ्लेक्स लावला. 'विश्वातील सर्वात मोठ्या संख्येचे जनक.' मामांचा फोटो बिस्किटाएवढा, साहेबांचा परातीएवढा.

"साहेब, सगळ्यात मोठी संख्या नसतेच हो. तिच्यात एक मिळवता येतो."

"मिळवू नका," साहेब म्हणाले.

आठवड्याच्या शेवटी निरोप आला. दुसऱ्या दोन जबर वेगवान मशीनवर तपासलं होतं, आणि ती संख्या मूळ नव्हती. मामांच्या कॉम्प्युटरचा पंखा बियाण्याला लावायच्या औषधाच्या लाल भुकटीनं गच्च भरला होता. मशीन तापलं, आणि हिशेब चुकला.

मला वाटलं, मामा आता रजा टाकतील. त्यांनी शिडी मागवली. साहेब धावत गेटवर आले.

"अहो, राहू द्या ना! इथं कोण भागाकार करून बघणार आहे?"

"मला तर माहीत झालं ना," मामा वरून म्हणाले आणि सुतळी कापली.

मग ते टेबलाटेबलाशी गेले. ज्यानं ज्यानं पेढा खाल्ला होता त्याला सांगत, "तो पेढा चुकीचा होता."

"गोड तर बराबर होता, मामा," शिपाई म्हणाला. मामा हसले. तोंड धुवून येतो म्हणाले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दात घासायच्या ब्रशनं पंखा साफ केला आणि नवी संख्या घेतली.

मामा रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं तोच कॉम्प्युटर त्यांना भेट दिला. गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दहाव्यानंतर मी घरी गेलो, तर आतल्या खोलीत मशीन चालूच होतं.

"बंद करू का?" मी मामींना विचारलं.

"नका करू. त्यांनी सुरू केल्तं. किती दिवस राह्यले?"

मी स्क्रीनवर बघितलं. सतरा.

अठराव्या दिवशी मी पुन्हा गेलो. मामी पदर सावरून माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी वाचलं आणि मागे वळलो.

"नाही निघाली, मामी."

"बरं. मंग दुसरी घेऊ. मशीन उगं रिकामं कशाला ठेवायचं?"

दुसरी संख्या कशी घ्यायची, हे मला कुठं माहीत होतं? मी इकडे दाबून बघितलं, तिकडे दाबून बघितलं.

"सरका जरा," मामी म्हणाल्या, आणि माझ्या हातातला माउस काढून घेतला.