पाय माझा, टाळ्या तिला

तिचं सगळंच चांगलं होतं, आणि माझ्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

शनिवार-रविवार जालन्याला आमचे वर्ग भरायचे. दिव्यांगत्व अभ्यास आणि समावेशक शिक्षण या विषयातला पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरी करणाऱ्यांसाठीचा. वर्गात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, फिजिओथेरपीवाले होते, एक समुपदेशक होता, एक वकीलसुद्धा होता. मी अंबड तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटी. ज्या विषयावर सगळे शिकायला आले होते तो विषय अंगावर घेऊन आलेली मी एकटीच. वर्ग वरच्या मजल्यावर होता, हेही सांगून टाकते. पहिल्या दिवशी सर त्याबद्दल फार हळहळले आणि पुढचे सगळे तास तिथंच घेतले.

ती आमच्याच वर्गातली, जालन्यातल्याच एका इंग्रजी शाळेत शिकवायची. माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. खणखणीत आवाज, साध्या सुती साड्या, आणि कुणाचंही नाव एकदा ऐकलं की पक्कं लक्षात. मला ती पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागली आणि शेजारीच बसायला लागली. मधल्या सुट्टीत मला जिना उतरायला लागू नये म्हणून माझ्यासाठी डब्यात धपाटे आणायची. धपाटे तरी वाईट असावेत. तेही खुसखुशीत, वर दह्याची चटणी.

मला तिचा एवढा त्रास का व्हायचा ते सरळ सांगते. दरवर्षी दिव्यांग दिनाला तालुक्याला मला बोलावतात. गुलाबाचं फूल देतात, शाल घालतात, कुणीतरी माईकवर सांगतं की बघा, अशा परिस्थितीतसुद्धा या मॅडम नोकरी करतात. मग फोटो होतो. इतकी वर्षं झाली, पण माईक माझ्या हातात कुणी दिला नाही. मी हा अभ्यासक्रम घेतला तो त्या माईकसाठी. तालुक्यातले शिक्षक समोर बसलेत आणि मी त्यांना सांगतेय, एवढंच मला हवं होतं. आणि तशी एक संधी अभ्यासक्रमातच होती. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकानं अंबडकडच्या शिक्षण परिषदेत सबंध सत्र घ्यायचं, मुख्य सुलभक म्हणून, म्हणजे माईक त्याच्याच हातात. शिक्षण परिषद म्हणजे आम्हा प्राथमिक शिक्षकांची महिन्याची बैठक. माझाच तालुका, माझेच लोक, माझाच विषय. दुसऱ्या कुणाचं नाव येईल असं माझ्या मनातही नव्हतं.

नाव ठरलं ते अनुभव-प्रात्यक्षिकाच्या दिवशी. त्या दिवशी प्रत्येकानं एक दिव्यांगत्व घेऊन शहरात फिरून यायचं होतं. कुणाच्या डोळ्यांवर पट्टी, कुणाच्या कानात कापसाचे बोळे, कुणाचा उजवा हात पाठीशी बांधलेला. तिच्या वाट्याला चाकाची खुर्ची आली. सगळे हसतखिदळत एकमेकांना पट्ट्या बांधत होते. मी सरांना विचारलं, "सर, मी काय बांधू?"

सर गडबडले. कागद वरखाली करून म्हणाले की तुम्ही निरीक्षक व्हा, मॅडम. मंडळी निघाली तशी एकेकीनं आपली पर्स माझ्यासमोर आणून ठेवली. मोबाईल, गाडीच्या चाव्या, एकीनं तर सोन्याची चेन काढून रुमालात बांधून दिली. लक्ष ठेवा हं, मॅडम. मी त्या ढिगाजवळ दुपारपर्यंत बसून होते. तिसरी-चौथीत खेळाचा तास असला की गुरुजी मला असंच सगळ्यांच्या दप्तरांजवळ बसवायचे. बाकीचे मैदानात खो-खो खेळायचे आणि मी दप्तरं राखायची. एवढी वर्षं मध्ये गेली, पदव्युत्तर शिक्षण आलं, तरी माझं काम काही बदललं नव्हतं.

दुपारी सगळे परत आले. ती गांधी चमनच्या चौकापर्यंत जाऊन आली होती. एका दुकानाच्या पायऱ्यांशी ती अडकली, एका ज्यूसवाल्यानं तिच्याशी न बोलता खुर्ची ढकलणाऱ्यालाच विचारलं की यांना काय पाहिजे. हे सांगताना तिचा आवाज भरून आला. ती थांबली, डोळे पुसले, पुन्हा बोलायला लागली. मग टाळ्या. सरांनी चष्मा काढून पुसला आणि तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की शिक्षण परिषदेचं सत्र हीच घेईल.

अर्ध्या दिवसाच्या खुर्चीवर तिला सत्र मिळालं. माझ्याकडे जन्मभराचा पाय होता आणि मला पर्सा मिळाल्या. मी टाळ्या वाजवल्या, कारण न वाजवणं दिसलं असतं. पण आतून माझा नुसता जळफळाट चालला होता. घरी येऊन कॅलिपर काढला तो इतक्या जोरात भिरकावला की बक्कल वाकलं, आणि दुसऱ्या दिवशी तेही मलाच सरळ करत बसावं लागलं.

त्यानंतर ती माझ्याच मागं लागली. ताई, तुमच्या लहानपणीचं काही सांगा ना, सत्रात वापरते, नाव घेणार नाही. मी म्हणायला हवं होतं की नाही सांगत. पण कुणी एवढं मन लावून विचारलंच नव्हतं कधी, त्यामुळं तोंड उघडलं की बंद होईना. दप्तरांचं सांगितलं. आजोबांच्या खांद्यावर बसून शाळेत जायचं ते सांगितलं. एक गोष्ट मात्र मी दिली नाही. ती कुणालाच दिलेली नव्हती.

परिषदेच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले. हॉल भरलेला. ती बोलायला लागली आणि मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की ही माझ्यापेक्षा चांगली बोलणार. दिव्यांगांचा कायदा सांगितला तो सोप्या शब्दांत, एकदाही कागद न बघता. मग दप्तरांची गोष्ट आली. एक छोटीशी मुलगी, दप्तरांजवळ बसलेली, लांबूनच सगळ्यांचा खेळ बघून हसणारी, टाळ्या वाजवणारी. बायका पदरानं डोळे टिपत होत्या.

मी तेव्हा हसत नव्हते. मी त्या सगळ्या दप्तरांचे बंद एकमेकांना गाठी मारून ठेवायचे, म्हणजे सुटल्यावर जरा भांडणं व्हावीत. हे मी तिला सांगितलंही होतं. तिनं ते गाळलं होतं, आणि बरोबरच गाळलं होतं, कारण गाठी मारणाऱ्या मुलीसाठी कुणी डोळे टिपत नाही. गोष्टीतली मुलगी माझ्यापेक्षा गोड होती. मला आता त्या मुलीचाही राग यायला लागला.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. मागच्या रांगेतले एक वयस्कर शिक्षक उभे राहिले. अंकुशनगरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यातल्या एका वस्तीशाळेवर होते ते. घसा खाकरून, मान खाली घालून बोलायला लागले.

"मॅडम, आमच्याकडं तिसरीत एक पोरगी हाये. दोन्ही पाय जन्मापासून ताठ. डोकं लई चांगलं, पाढे फाडफाड म्हणती. पण दुपार झाली की आजी येऊन घेऊन जाती. शाळेत आम्ही दोघंबी पुरुष. आता बाथरूमला तिला कोण नेईल? आम्ही कसं न्यावं? मंग अर्धीच शाळा होऊन राह्यली तिची."

तिनं आधी आपल्या कागदांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला हे येत नव्हतं. मला येत होतं. आणि मी गप्प बसले. खरंच सांगते, ते काही क्षण मला फार गोड गेले. वाटलं, आता बघू दे लोकांना.

तिनं माईक खाली घेतला, परत वर धरला आणि म्हणाली, "सर, मला माहीत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. येत नाही म्हणाली तर त्यालासुद्धा टाळ्या. प्रामाणिकपणाला म्हणे. तिथं माझं डोकं फिरलं. मी पुढच्या खुर्चीला धरून उभी राहिले.

"टाळ्या नंतर वाजवा," मी म्हटलं. "सर, ती पोरगी शाळेत पाणी पिती का? कधी बघितलंय तुम्ही?"

ते मग हळूच म्हणाले, "बाटली भरून आणती, मॅडम. अन् भरलेलीच घेऊन जाती."

"मीबी पीत नव्हते," मी म्हटलं. "चौथीपर्यंत. आई म्हणायची, घरी येऊन पी. उन्हाळ्यातसुद्धा. जीभ टाळूला चिकटायची, पण प्यायचं न्हाई, कारण प्यालं की जावं लागंल, अन् कोण नेणार?"

हीच ती गोष्ट होती. माझ्या नवऱ्यालाही मी ती सांगितलेली नाही, आणि भरल्या हॉलमध्ये, तेही रागाच्या भरात, ती माझ्या तोंडून गेली. माईक माझ्या हातात नव्हताच. मग मी काय करायचं ते सांगितलं. खिचडी शिजवायला ज्या मावशी येतात त्यांच्याशी बोला, पण आधी त्या पोरीला विचारा की त्यांनी नेलेलं चालेल का. तिच्या आईशी, आजीशी बोला. बसायला मधे भोक पाडलेली खुर्ची करा, भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावा, दाराला आतून कडी लावता आली पाहिजे. वेळ ठरवून द्या, म्हणजे मुलीला सगळ्यांदेखत मागावं लागत नाही. शिक्षक विचारत गेले, मी सांगत गेले. दांडा किती उंच लावायचा, मावशी नाही म्हणाल्या तर काय करायचं. चहा आला तरी ते संपेना.

टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत. मला तेही लागलं.

बाहेर आल्यावर ती माझा हात धरून उभी राहिली. रडवेली झाली होती. मी सोमवारी त्या वस्तीशाळेवर जाणार हे तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "ताई, मीपण येऊ का?"

"नको," मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. सत्र तुझं झालं, टाळ्या तुला मिळाल्या. ही पोरगी मी कुणाबरोबर वाटून घेणार नव्हते.

सोमवारी रजा टाकून गेले, मग पुन्हा पुन्हा गेले. पोरगी दोन वेण्या घातलेली, तोंडाळ. तिनं माझ्या कॅलिपरवर टिचकी मारून बघितली आणि विचारलं की हे गंजतं का. मावशी पहिल्यांदा म्हणाल्या की हे काय माझं काम न्हाई. मी भांडले नाही, त्यांच्याजवळ भाजी चिरत बसले. आठवडाभरानं त्या आपण होऊन म्हणाल्या, आणा तिला. तिथल्या गुरुजींनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दांडा करून आणला आणि स्वतः भिंतीत बसवला. आजी दुपारी यायची थांबली.

एका दुपारी खिचडीच्या वेळी मी व्हरांड्यात बसले होते. पोरींच्या ओळीत ती पोरगी भिंतीला टेकून बसली, बाटलीचं झाकण दातानं उघडलं आणि प्यायला लागली. घटाघटा. थांबली, दम घेतला, पुन्हा प्याली. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं तरी तिला काही नव्हतं. बाटली रिकामी केली, शेजारणीची ओढून घेतली आणि तीही अर्धी संपवली. मग तोंड पुसत, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मावशे, चल, मला लागली!" कुणी मान वर करून बघितलं नाही. पोरं आपापली खिचडी खात राहिली. मावशी हात पुसत आल्या, तिला उचलून घेऊन गेल्या.

मला तिचा हेवा वाटला. वर्गातल्या मैत्रिणीबद्दल वाटला होता तो नाही, तो तर माईकपुरता होता. हा पोटातून आला. असं ओरडून मागायला मला कधी जमलं नाही, अजून जमत नाही. आजही मी जालन्याला निघायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही. पोरगी परत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम, तुमचे ओठ किती फुटलेत, आणि शेजारणीची उरलेली बाटली माझ्यापुढं धरली.