पिस्तुलाचा डबा

१६ ऑक्टोबर, कोजागिरी. हातातलं काम : पिस्तूल पुसणं.

निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायचं. उद्या दुपारच्या आत आणून द्या, असा ठाण्यातून फोन आला होता. धूळ खाल्लेलं हत्यार सरकारच्या कपाटात ठेवायची मला लाज वाटते. म्हणून दुपारची जेवणं आटोपल्यावर पलंगावर जुनं धोतर पसरलं आणि पुसायला बसले.

नवरा दाराबाहेर उभा. उभी हयात शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, पोरं त्याला चळचळा कापायची. पण मी पिस्तूल बाहेर काढलं की तो खोलीत पाऊल टाकत नाही.

"झालं काय?"

"रिकामं आहे. गोळ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. या आत."

"राहू दे. मी इथंच बरा हाय."

आमचा पेट्रोल पंप कारंज्याच्या बाहेर, नागपूर-अमरावती रस्त्यावर. पंप माझ्या नावावर आहे, म्हणून रोजचा भरणा घेऊन बँकेत मीच जाते. मध्यंतरी रस्त्यावरच्या दुसऱ्या एका पंपाची रोकड दिवसाढवळ्या लुटली गेली. तेव्हा मी परवान्यासाठी अर्ज केला आणि पुष्कळ चकरा मारल्यावर तो मिळाला. नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. पंप चालवायला देऊन टाकू आणि दोघं घरी बसू. मी घरी बसणारी नाही. परवाना आहे तोवर तोही गप्प आहे.

पिस्तूल तळहातात मावेल एवढं. विकणारा म्हणाला होता, "पॉकेट साइज आहे मॅडम, कुठल्याही खिशात बसतं." कोणाच्या खिशात? साडीला खिसा कुठे असतो? पहिल्या दिवशी कमरेला खोचलं, तर बँकेत स्लिप भरता भरता ते हळूहळू खाली सरकायला लागलं. मी गुडघे आवळून उभी. कॅशियर काचेतून म्हणाला, "मॅडम, पाणी देऊ का?" मग शिवणवाल्या बाईकडून परकराला आतून खिसा लावून घेतला. माप घेताना ती म्हणाली, "ताई, मोबाईल हाय का वीट हाय?" खिसा झाला झकास, पण त्यात हात घालायचा तर आधी भर रस्त्यात साडी वर करायची. पर्समध्ये ठेवून पाहिलं. चष्मा, किल्ल्या, पाचकाच्या गोळ्या आणि पंपाच्या पावत्या यांच्या तळाशी ते गेलं, की लुटारूला आधी थांब रे बाबा जरा, असं म्हणावं लागलं असतं.

शेवटी जेवणाचा डबा सापडला. आहेरात आलेल्या स्टीलच्या चौकोनी डब्यांचा सेट होता, त्यातला एक. आत फलालीनच्या फडक्यात पिस्तूल, वर झाकण, डबा कापडी पिशवीत. बाईच्या हातातला जेवणाचा डबा कोणी हिसकावत नाही. तेव्हापासून पिस्तूल मी असं वागवते. घरात नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना पिस्तूल आहे एवढं माहीत होतं, पण ते कपाटात असतं अशी त्यांची समजूत होती.

तर पुसून झालं. रिकामं पिस्तूल फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं, आणि तेवढ्यात पंपावरून फोन आला की कार्डाचं मशीन बंद पडलं, ट्रकवाले भांडून राहिले. डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पिठाच्या पिंपामागे सारला आणि स्कूटर काढली.

त्याच फळीवर, पिंपाच्या आणखी मागे, सेटमधला दुसरा डबा होता, आणि त्यात खिरापत.

कोजागिरी म्हणजे आमच्याकडे भुलाबाईची शेवटची संध्याकाळ. शेजारच्या अंगणात, माझ्या धाकट्या जावेकडे, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई-भुलोजी बसलेले असतात. गल्लीतल्या बायका-पोरी गाणी म्हणतात आणि मग घरोघरचे खिरापतीचे डबे येतात. झाकण उघडायचं नाही. डबा हलवायचा, कान लावायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर 'हरलो' म्हणायचं, मग डबा उघडतो. खिरापत घरच्यांनाही सांगायची नसते. त्यातून सासूबाईंच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी ज्वारीच्या लाह्यांचे लाडू त्या झोपल्या असताना वळले होते. त्यांना फक्त सांगितलं, "डबा वरच्या फळीवर आहे. मला उशीर झाला तर घेऊन जा."

मला उशीर झाला. दिवेलागणीला मी जावेच्या अंगणात शिरले, तेव्हा गाणी आटोपून ओळखाओळखी चालू होती. बायका गोल बसल्या होत्या, मधोमध सासूबाई राणीसारख्या, आणि डबा हातोहात फिरत होता.

"अव, केवढा जड हाय व!"

"नारळ."

"नारळ गडगडते. हे सरकून राह्यलं."

"एकच वस्तू हाय आतमंदी. गुळाची ढेप."

"मोठ्या बाई इतका गूळ देतीन? आमाले फसवाले खलबत्ता टाकला असन!"

सगळ्या खिदळल्या. मोठ्या बाई म्हणजे मी. लाह्यांचे लाडू जड कसे, असा विचार करत मी चप्पल काढत होते. तेवढ्यात डबा दिव्यासमोर आला आणि मला त्याचा चेपलेला कोपरा दिसला. लाडवांच्या डब्याचे चारही कोपरे शाबूत आहेत.

एका पायात चप्पल तशीच राहिली.

परवानाधारकाचं हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं तर काय होतं, हे परवान्याच्या मागे छापलेलं आहे. परवाना रद्द, वरून गुन्हा. इथे ते गल्लीभर बायकांच्या हातून फिरून चुकलं होतं आणि आता नवीन ठाणेदारांच्या बायकोच्या हातात होतं. बाई साताऱ्याकडच्या, नुकत्याच आलेल्या. आमच्याकडे भोंडला असतो, भुलाबाई कशी असते ते पाहायचंय, म्हणून हौसेने आलेल्या.

बाकीच्यांनी डबा हलवला होता. त्यांनी हलवला नाही. दोन्ही हातांवर तोलला, हळूच एका बाजूला कलता केला, मग सरळ केला. नंतर तो मांडीवर ठेवून झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि गोलातल्या एकेकीचं तोंड बघायला लागल्या. नवऱ्याचं सर्व्हिसचं पिस्तूल घरात उचलून ठेवणाऱ्या बाईला वजन कळणार नाही तर कोणाला?

"काय वाटते मॅडम?" जावेने विचारलं.

"ओळखू येईना बाई," त्या म्हणाल्या. "कोणाचा डबा?"

"माया सुनेचा!" सासूबाई म्हणाल्या. "जड लागला तवाच म्हटलं, आज बाईनं हात सैल सोडला. हे पहा, आली!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. जाऊ म्हणाली, "हरलो ताई. उघडा आता."

"नाही," मी म्हणाले. "इतक्यात हरू नका. आणखी ओळखा."

"अव, सारी वाणसामानाची यादी म्हणून झाली! साबणसुद्धा म्हणून पाह्यला. उघडा!"

"घरी जाऊन उघडते."

"हे काऊन? आजवर असं झालं नाई," सासूबाई तापल्या. "हरलो म्हटलं की डबा उघडते. आण वो मॅडम इकडं, मीच उघडतो."

मॅडमनी झाकणावरचे हात उचलले नाहीत. पण सासूबाईंनी डब्याचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि भुलाबाईसमोर आम्ही तिघी तो डबा ओढत बसलो. वरून पोरी टाळ्या पिटत होत्या. "आजी, सोडू नका! आजी, सोडू नका!"

आणि मला हसू आलं. मी फारशी हसणारी बाई नाही. पंपावरची माणसं सांगतील. पण सासूबाईंचा सुटलेला अंबाडा, ठाणेदारीणबाईंच्या मांडीवर माझं पिस्तूल आणि भोवती टाळ्या. जे सुटलं ते आवरेचना. पोटात कळ आली, डोळ्यांतून पाणी, आणि डबा मात्र घट्ट धरलेला. बुद्धी चालत असती तर एखादी थाप सुचली असती. जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सांगा तरी, हाय काय त्यात?"

"पिस्तूल!" मी म्हणाले.

सासूबाईंनी डबा असा सोडला की मी मागच्या मागे शेणसड्यावर बसले. त्यांच्या तोंडावरून मला कळलं, त्यांना पटलं. पदराखाली झाकून आपण गल्लीतून काय मिरवत आणलं, ते त्यांच्या डोक्यात एकदम उतरलं. पण बाई मुरलेली. अंबाडा बांधत बांधत त्या सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या, "हो! अन् मागल्या खेपेले मी तोफ आणलती, भुलली काय?"

अंगणात हशा फुटला. एक म्हणाली, तिच्याकडे रणगाडा आहे पण डब्यात मावला नाही. दुसरी म्हणाली, नवऱ्यासाठी उसनं द्या, सकाळी आणून देते. एक आजी हसता हसता मखरालाच टेकल्या आणि दोन धांडे मोडले. त्या गोंधळात मॅडम वाकल्या, मला हात देऊन उठवलं आणि कानाशी म्हणाल्या, "रिकामं आहे ना?"

"रिकामं आहे. गोळ्या घरी, कुलपात."

"नक्की?"

"दोनदा पाहिलंय."

तेव्हा कुठे त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मग त्या खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून अशा हसल्या, की जावेने त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

मी धावत घरी गेले. पिस्तूल कपाटात, कुलूप, किल्ली कमरेला. लाडवांचा डबा घेऊन परत आले. "चुकून भलताच डबा आला," मी सांगितलं, "त्यात वजनं होती." लाडू पाहून बायका नाराज झाल्या. इतक्या हलक्या खिरापतीसाठी एवढा तमाशा! सासूबाईंनी एक लाडू खाल्ला, म्हणाल्या, "गूळ कमी हाय." घरी येताना मात्र माझा दंड धरून चालल्या.

"मले चालवाले शिकवशीन?"

"नाही."

"अव, नुसतं धराले तं देजो."

"ते तर तुम्ही आज धरलं."

"झाकण लावेल होतं," त्या म्हणाल्या आणि गल्लीतच पुन्हा हसत सुटल्या. नवरा ओट्यावर उभा होता. काय झालं म्हणून त्याने विचारलं. आम्ही दोघींनी काही नाही म्हणून सांगितलं. त्या मॅडम आपल्या नवऱ्याला सांगतील की नाही? सांगितलं तर उद्या पिस्तूल जमा होईल आणि परवानाही तिथेच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणं उघडल्या उघडल्या गेले. पुढे दोघं शेतकरी चादरीत गुंडाळलेल्या बारा बोअरच्या बंदुका घेऊन बसले होते. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं तर त्यातला एक म्हणाला, "ताई, हे तं बंदुकीचं पिल्लू हाय." ठाणेदार स्वतः आले. नंबर पडताळला, नळी उजेडाकडे धरून पाहिली, म्हणाले, "साफ ठेवलंय."

"हो साहेब."

"घरी कशात ठेवता?"

"कपाटात."

"आणि बाहेर नेताना?"

मी परवाना पुढे केला. त्यांनी तो उघडला, पानं उलटली, शिक्का उचलला. तो कुठे उमटतो तिकडेच माझं लक्ष. तो पावतीवर उमटला. परवाना त्यांनी माझ्याकडे सरकवला. चेहरा दगडासारखा, मिशी मात्र थरथरत होती.

"निकालानंतर न्यायला याल तेव्हा कुलपाची पेटी घेऊन या. पेटी दिसल्याशिवाय मी हत्यार देणार नाही. आणि जेवणाचा डबा जेवणासाठी ठेवा."

"ठेवते साहेब."

बाहेर आले ती सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि नंबरी कुलपाची, बांगड्यांच्या पेटीएवढी लोखंडी पेटी मागितली. दुकानदाराने दोन काढल्या. दोन्हींची झाकणं मी ओढून पाहिली आणि जी उघडली नाही ती घेतली.