मार्कांच्या पुढचा प्रश्न

इंदापूर-बारामती एसटीत शेजारी बसलेल्या सफारीवाल्याची नजर सारखी माझ्या लिफाफ्यावर जात होती. एमबीएच्या प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडले, म्हणून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. सीटा विकणारे एजंट असेच चिकटतात, हे ऐकून होतो.

“मार्क किती?” त्यानं विचारलं.

“आहेत बऱ्यापैकी.” मी लिफाफा शर्टात सरकवला.

“वडील काय करत्यात?”

“तुमाला कशाला?”

तो हसला. पाकिटातून त्यानं घड्यांवर फाटलेलं एक मार्कांचं कार्ड काढलं. त्यावरचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते.

“मार्कांवर आत बोलवत्यात, गड्या. आत वडलांचा धंदा इचारला. आमचा म्हातारा मेंढरं राखायचा, मी ठेकेदार म्हणून सांगितलं. मग ठेक्याचंच इचारत बसले. मला काय येतंय त्यातलं?”

मी दचकलो. माझे वडीलही मेंढरंच राखायचे आणि मी ‘शेतीपूरक व्यवसाय’ असं पाठ करून निघालो होतो.

जळोचीला तो उतरला. पैसे मागितले नाहीत, पत्ताही नाही. ते कार्ड खरंच त्याचं होतं का, हा संशय मला अजून आहे.

मुलाखतीत वडिलांचा धंदा विचारला, तेव्हा मात्र मी मेंढरं म्हणालो. पुढचा अर्धा तास ते मेंढरांचंच विचारत राहिले.