आईसाठी जुळवलेला कॉम्प्युटर

त्या वर्षांत अकोल्याला आमच्या भागातली वीज आठवड्यातले काही दिवस नेमकी संध्याकाळी सातच्या सुमारास जात असे. आईची मालिकाही सातलाच असे. समोरच्या घरातल्या खाला, म्हणजे मावशी, ती पाहायला रोज आमच्याकडे येत. आई त्यांना आपा म्हणे, त्या आईला वैनी म्हणत. वीज गेली तरी त्या येतच. मग दोघी अंगणात खाटेवर बसत आणि जो भाग दिसलाच नाही, त्यात काय घडले असेल यावर भांडत.

"मोठी सून घर सोडून गेलीच असंन आज," आई म्हणे.

"जाते कायची! ते गेली तर पाहीन कोन त्याईची मालिका? जरा डोकं लावा ना वैनी."

"माया डोक्याचं राहू द्या. परवा तुमीच म्हनत होत्या का ते मरते म्हनून."

"मंग मरंन ना. पन घरातच मरंन!"

आतल्या खोलीतून हे ऐकताना मला त्यांची कीव येई. दिवसाकाठची एकच करमणूक, आणि तीही भारनियमनाने हिरावून घेतलेली, असे मी समजत असे. खरी करमणूक त्या अंधाऱ्या अंगणात चालली होती. ती माझ्या कानांवर पडत होती, तरी माझ्या लक्षात आली नाही.

मी तेव्हा एका तंत्रनिकेतनात शिकवत होतो. प्रत्येक अडचणीला एखादे यंत्र असतेच, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवत. त्या वेळी वीज असे. पण आई झोपलेली असे आणि खाला स्वयंपाकात. दुपारचा तो भाग टिपून ठेवणारा कॉम्प्युटर आपण घरीच जुळवावा, असे मी ठरवले. नवा घेण्याची ऐपत नव्हती. अमरावतीच्या एका दुकानातून वापरलेला मदरबोर्ड आणला, एका सहकाऱ्याने काढून टाकलेली हार्ड डिस्क मागून घेतली. कॅबिनेटला एका बाजूचे झाकण नव्हते, तिथे पुठ्ठा बसवला. टीव्ही ट्यूनर कार्ड तेवढे नवे घेतले. त्यात केबलची वायर जोडायची आणि वेळ लावून ठेवायची, की माझ्या गैरहजेरीतही मालिका डिस्कवर उतरे. पहिल्या दिवशी चित्र उमटले, पण आवाज नव्हता. ट्यूनर कार्डापासून साउंड कार्डापर्यंत जाणारी लहानशी वायर लावायची राहिली होती.

"साऱ्याच मुक्या झाल्या का?" आई म्हणाली. "बरं झालं. घर शांत राहीन त्याईचं."

दुसऱ्या दिवशी आवाजही आला आणि मी हवेत तरंगू लागलो. त्याच भरात गल्लीत खालांचा मुलगा भेटला. तो अकोटच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता; रोज एसटीने जाऊन येऊन करी. त्या वर्षी कापूसच कमी आल्याने जिनिंग लवकर थांबले होते. घर चालावे म्हणून त्याच्या बायकोने परकर शिवायला घेतले होते आणि संध्याकाळी दोन लहान मुले कोणी सांभाळायची, हा त्या घरातला खरा प्रश्न होता. मला यातले सगळे ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, "आता खालांना सातच्या ठोक्याला धावत यायला नको. मी सगळं साठवून ठेवतो. केव्हाही या, केव्हाही पाहा."

"वा सर!" तो मनापासून खूश झाला. "म्हंजे टाइमाची झंझटच मिटली."

झंझट खरोखरच मिटली. आधी सात वाजले की खाला "मालिकेचा टाइम झाला" म्हणून ओढणी सावरत उठत आणि घरातले कोणी त्यांना अडवत नसे. मालिका कोणासाठी थांबत नाही, हे सर्वांना मान्य होते. आता ती थांबू लागली होती. त्यांना कोणी मनाई केली नाही. सून फक्त म्हणे, "कल देख लेना, अम्मी." तो उद्या पुढेपुढे सरकत राहिला. खाला आधी एक दिवसाआड येऊ लागल्या, मग आठवड्यातून एकदा, आणि पुढे तेही बंद झाले.

यावर मी जे केले, ते अधिक वाईट होते. त्यांच्याकडे केबल नव्हती, पण जुना टीव्ही आणि सीडी प्लेअर होता; मालिकेचे भाग सीडीवर उतरवून मी त्यांच्या घरी पोचवू लागलो. खाला सीडी दोन्ही हातांनी घेत, "शुक्रिया बेटा" म्हणत आणि विचारत, "वैनी काय म्हनते?"

"मजेत आहे," मी सांगे.

आई मजेत नव्हती. तिने मालिका पाहणेच सोडले होते. डिस्क भरत आली, तेव्हा मी तिला कारण विचारले.

"पाहून सांगू कोनाले?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तिले त्या सीड्या नेऊन देऊन राहिला ना तू? बंद कर ते."

मी खालांच्या मुलाला जाऊन सांगितले, की कॉम्प्युटर बिघडला. यापुढे मालिका सातलाच पाहावी लागेल.

"टेन्शन नका घेऊ सर, माया दोस्त रिपेर करते. उद्याच आनतो त्याले."

हे मी हिशेबात धरलेच नव्हते. घरी येऊन ट्यूनर कार्ड काढले आणि कपाटात टाकले. दोस्त आला, पुठ्ठा बाजूला करून आत डोकावला. "सर, याच्यात कार्डच नाई."

"जळलं," मी म्हणालो.

"नवीन टाकून देऊ?"

"नको."

दुसऱ्या संध्याकाळी खाला आल्या. कडेवर धाकटा नातू होता.

"रस्ता सापडला का आपा?" आईने विचारले.

"रस्ता तर तुमच्या पोरानंच बंद केला होता, वैनी," खाला हसत म्हणाल्या. त्या हसत होत्या म्हणून मलाही हसावे लागले.

मला वाटले, निस्तरले. पण वीज गेली त्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी समोर गेलो. मुलगा दारातच उभा होता. "लाईटच नाई सर," तो साधेपणाने म्हणाला, "अम्मी येऊन पाहीन काय?"

खाला मालिकेसाठी येतात, हा हिशेब मीच त्याच्या डोक्यात घातला होता. तो खोडायचा, तर दोन म्हाताऱ्या अंधारात बसून काय करतात, ते त्याला सांगायला हवे होते. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, कंदिलाजवळ मुले रडत होती. मी "हो, खरं आहे" म्हणालो आणि परतलो.

आई अंगणात खाटेवर बसली होती. मी तिच्या शेजारी टेकलो आणि म्हणालो, "आज मोठी सून परत आली असेल, नाही?"

"आली असंन," आई म्हणाली.

मी पुढचे काही सुचते का पाहत राहिलो. काही वेळाने तिने पाय वर घेतले आणि म्हणाली, "जाय, जेवून घे. तुले नाई जमत हे."