आधी पाय, मग मशीन

"आधी पाय बग, मग मशीन," असं आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या आणि म्हणता म्हणता पेशंटच्या पायाला हात लावायच्या. नवा नातेवाईक गडबडायचा. एवढी मोठी बाई आपल्या म्हाताऱ्याच्या पाया का पडतेय, ते त्याला कळायचं नाही. पाय उबदार लागला, रक्त फिरतंय असं कळलं, की मगच त्या मान वर करून मशीनच्या पडद्याकडे बघायच्या.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या वर्षीची गोष्ट. उदगीर नवा जिल्हा होणार की नाही, यावर नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर भांडत बसायचे. आत आठ खाटा, आठ मॉनिटर. तुम्ही कधी अशा बाकड्यावर बसला असाल, तर तो टुं टुं आवाज तुमच्याही कानात असेल. तुम्हाला त्याची धडकी भरते. आम्हा नर्सना चार दिवसांत तो ऐकूच येईनासा होतो. आलाच, तर बटण दाबायचं आणि आवाज बंद करायचा. मी त्यात पटाईत होते.

आमच्या या सिस्टर बिलोलीकडच्या, त्यांना ते खपायचं नाही. "छातीवरच्या तारांच्या पट्ट्या घामानं सुटल्या की मशीन उगंच वरडतंय. त्याला लबाड आपणच केलंय. मग खरं बोललं तरी कोण ऐकणार?" म्हणायच्या. रोज सकाळी त्या प्रत्येकाच्या पट्ट्या काढायच्या, ओल्या फडक्यानं कातडी पुसून कोरडी करायच्या आणि नव्या लावायच्या. कुणाचं मशीन किती आकड्याला वाजावं, तेही डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यायच्या. पाण्याच्या दोन बाटल्या घरून आणायच्या, एक प्यायला आणि एक पेशंटसाठी. आम्ही मागं हसायचो. गावाला प्यायला थेंब नाही अन् बाईंना आंघोळी सुचायल्यात.

एके सकाळी त्यांना मीटिंगला जायचं होतं. पेशंटची बाटली त्यांनी माझ्या हवाली केली. मी आठवडाभर डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या पाण्यानं मी माझे केस धुतले आणि पट्ट्या तशाच राहिल्या.

दुपारी चार नंबरच्या खाटेवरच्या किल्लारीच्या गुरुजींचं मशीन वाजायला लागलं. पट्टी सुटली असणार, म्हणून मी बटण दाबलं. परत वाजलं, परत दाबलं. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी पायाला हात लावला आणि हात तिथंच थांबला. पाय गार पडला होता. पुढची धावपळ मला नीट आठवत नाही. गुरुजी वाचले, एवढं खरं.

मी कोपऱ्यात रडत होते. सिस्टरनी माझ्या धुतलेल्या केसांकडे बघितलं आणि गुरुजींना नव्या पट्ट्या लावायला वळल्या. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तीच बाटली परत माझ्या हातात दिली.

"घे. आजपासून आठी जणांचं तूच करायचं."

महिन्याभरात वॉर्ड इतका शांत झाला, की एका नातेवाइकानं विचारलं, "मशीन बंद हाय का काय, बाई?"

रिटायर होऊन त्या बिलोलीला गेल्या. काही वर्षांनी परत आल्या त्या पेशंट होऊन, चार नंबरलाच. सकाळी मी त्यांच्या पट्ट्या बदलत होते.

"पाणी कुणाचं गं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"माझंच, सिस्टर. घरून आणलंय."

"अन् केस?" म्हणाल्या आणि लई गोड हसल्या.

दोन दिवस त्यांचं मशीन मुकाट होतं. तिसऱ्या दिवशी वाजलं. दुसऱ्यांदा वाजायच्या आत आम्ही चौघी खाटेशी होतो. जे जे त्यांनी शिकवलं होतं ते सगळं केलं. तरी त्या गेल्या.

डॉक्टर मला म्हणाले, "मशीन बंद करा." माझा हात सिस्टरच्या पायावर होता. आयुष्यात इतक्या वेळा ते बटण दाबलं, पण त्या दिवशी मला तो हात उचलवेना.