हसऱ्या चेहऱ्याशेजारचं बटण

कप आधी खाली ठेवा बघू. ठेवलात? मग सांगतो. कारण हा किस्सा ऐकताना एकाला चहाचा ठसका लागला होता आणि त्याच्या पाठीवर थापा मारता मारता माझं सांगणं अर्धवट राहिलं.

मी हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. शिवाय आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचा कार्यवाह आहे. कार्यवाह म्हणजे काय? कुणाच्या नातवाला पदवी मिळाली की अभिनंदन लिहायचं, कुणी गेलं की शोकसंदेश लिहायचा. सभासद सगळे उतारवयातले. त्यामुळे दुसरं काम वाढतच चाललेलं.

मग एका सुट्टीत मला मॅक्रोचा शोध लागला. म्हणजे संगणकाला एखादं काम एकदा करून दाखवायचं, की तो ते लक्षात ठेवतो. त्याचं बटण करून वरच्या पट्टीवर बसवायचं. पुढच्या वेळी नाव लिहून बटण दाबलं की त्याखाली मजकूर हजर! मी दोन बटणं केली. अभिनंदनाला चित्र निवडलं हसरा चेहरा. शोकाला त्याच्याच शेजारी दुःखी चेहरा. हौस हो, दुसरं काय?

आता ही चित्रं केवढी? मोहरीएवढी! सुख आणि दुःख यांत फरक काय, तर ओठांची एक रेघ. वर वळली तर आनंद, खाली वळली तर दुखवटा. आणि माझा चष्मा बदलायला झालेला.

त्या दिवशी अप्पांची पंचाहत्तरी होती. अप्पा म्हणजे माझे शाळेतले गणिताचे मास्तर, धारवाडला राहतात. सकाळीच अभिनंदन मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं म्हणून बसलो. नाव लिहिलं आणि वीज गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. घाईघाईत बटण दाबलं, मजकूर उमटला, उचलला, मंडळाच्या नंबरावरून ग्रुपवर टाकला. संगणक बंद केला आणि निवांत अंघोळीला गेलो.

वाचलं नाही? अहो, स्वतःच लिहिलेलं कोण वाचतं?

अंगावर दोन तांबे घेतले असतील-नसतील, दारावर थापा. बायको, सुमन.

"अहो, बाहेर या लवकर! अप्पा गेले!"

"कुठे गेले?"

"गेले म्हणजे गेले हो! ग्रुपवर आलंय. सगळ्यांनी हात जोडलेत."

"कुणी कळवलं?"

"मंडळानं."

आता तुम्ही म्हणाल, मंडळ म्हणजे तूच की! मला ते सुचलं नाही. खरं सांगतो, उलट मनात आलं, बरं झालं, कुणीतरी वेळेवर कळवलं.

सुमन शेजाऱ्यांना सांगायला धावली. मी ओल्या अंगावर सदरा चढवला, फोन तसाच घरी विसरलो, कोपऱ्यावर हार घेतला आणि धारवाडची बस पकडली.

बसमध्ये मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके! शेजारी एक म्हातारी बसली होती. "यार होदरी?" कोण गेलं, म्हणाली.

"नम्म मास्तरू," मी म्हणालो. आमचे मास्तर.

"अळब्याडरी," म्हणत तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. रडू नका म्हटलं की माणूस जास्तच रडतो. तसंच झालं.

काय काय आठवत होतं! उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की अप्पा सगळे गुण कापायचे. वर म्हणायचे, "उत्तर आलं हा योगायोग आहे, तुझा अपराध नाही." भर उन्हात छत्री मिटून हातात धरून चालायचे. उघडली की रंग उडतो म्हणे! आणि एकदा माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा हा माणूस रोज संध्याकाळी यायचा. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसायचा. धीर नाही, उपदेश नाही. उठताना एक गणित सांगायचा. "हे सोडव, उद्या बघतो." मी रात्रभर त्या गणिताला धरून बसायचो. भीतीला शिरायला जागाच उरायची नाही.

अप्पांच्या दारात चपलांचा ढीग. मी हार सावरत, डोळे पुसत आत शिरलो.

आत मंडळाचे धारवाडचे सभासद ओळीनं बसलेले, प्रत्येकाच्या हातात चहा. आणि मधोमध वेताच्या खुर्चीत अप्पा! जिवंत! कुणाचा तरी फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

"ये," ते म्हणाले. "कार्यवाह आले. हार आणलास? घाल की मग. वाढदिवसच आहे आज."

अप्पांची लेक शालिनीअक्का तोंडाला पदर लावून हसत होती. "दादा, पहिला माणूस आला तेव्हा दार अप्पांनीच उघडलं. तो चपला टाकून पळाला!"

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाच."

वाचलं. 'यांच्या निधनाने मंडळाचा आधारस्तंभ कोसळला. मनमिळाऊ, हसतमुख…' तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मंडळ कोण, ते!

"मनमिळाऊ? मी?" अप्पा म्हणाले. "ह्या खोलीत कुणाला तरी विचार. हसतमुख कधी बघितलंस मला?"

मी बटणाचं सगळं सांगून टाकलं. दोन चेहरे, वीज, चष्मा. लोक पोट धरून हसायला लागले.

"म्हणजे कमल गेली तेव्हाही बटणच?"

हसणं थांबलं. कमलकाकू म्हणजे अप्पांच्या पत्नी, गेल्या वर्षी गेल्या होत्या.

"मला वाटलं होतं, तू बसून लिहिलंस," अप्पा म्हणाले. "मी ते छापून घेऊन तिच्या फोटोमागं ठेवलंय."

हातातला हार जड झाला.

मग त्यांनीच विचारलं, "डोळे का सुजलेत तुझे?"

"बसमध्ये रडत आलो."

"काय आठवून?"

मी सांगितलं. छत्री सांगितली, कापलेले गुण सांगितले, दवाखान्यातला बाक सांगितला. अप्पा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "त्यातली निम्मी गणितं तू चुकीची सोडवली होतीस. तेव्हा बोललो नाही." आणि लगेच, "मग हे लिहायला काय झालं होतं तुला?"

घरी येऊन दोन्ही बटणं काढून टाकली. कोरं पान उघडलं. पहिलं वाक्य यायला संध्याकाळ झाली. आधी कमलकाकूंचं लिहिलं. त्यांच्या हातच्या चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचं, दारातून परत जाणाऱ्याला हाक मारून बसवायच्या त्याचं. ते अप्पांना नेऊन दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. मग त्यांचं मानपत्र लिहायला घेतलं.

पुढच्या रविवारी मंडळात सत्कार झाला. मानपत्र मी वाचलं. लोक हसले, काहींनी डोळे पुसले, टाळ्या तर थांबेनात. मला वाटलं, चला, झाली भरपाई! छाती जरा फुगलीच.

अप्पा उत्तराला उभे राहिले. माइक जवळ ओढला.

"मानपत्र चांगलं झालंय," ते म्हणाले. "मात्र सभासदांनी एक लक्षात ठेवावं. आमच्या कार्यवाहाकडून चार खरी वाक्यं लिहून घ्यायची असतील, तर आधी मरावं लागतं."