करंजाचा पाला आणि आक्कांची दोन घमेली माती

काल, मंगळवारी, सकाळी बरोबर सव्वासात वाजता आमच्या बारामतीच्या सोसायटीत माझा पाला जाळला गेला. करंजाचा, दोन वर्षं साठवलेला, अर्धा कुजून काळा झालेला... काडी कुठून लावायची ते चेअरमनसाहेब स्वतः उभे राहून दाखवत होते.

"मॅडम, कचरा होता हो," म्हणाले. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या सिस्टर्सना स्वर्गातही वाईट वाटेल.

पण खरं सांगू? हीच चूक आधी मी केलेली आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी बारामतीत नोकरीला, सुट्टीला सासरी सणसरला. एका सकाळी परसातल्या करंजाखालचा पाला झाडला, ढीग केला, पेटवला... आणि परस कसं लख्ख झालं म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई रानातून आल्या. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. त्यांनी धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"इंग्रजीत पाल्याला कचराच म्हंत्यात व्हय गं?"

हाताला धरून मला मागच्या तुकड्यात नेलं. कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेली जमीन... वर मिठासारखा पांढरा थर, खाली दगड. "हिच्यात त्यो पाला घालनार हुते. आता काय घालू, तुजं सर्टिफिकेट?"

त्यानंतर दर शनिवारी मी ऑफिसच्या आवारातला पाला पोत्यात भरून एसटीनं सणसरला नेऊ लागले. कंडक्टर विचारायचा, "बाई, गावाकडं झाडं न्हाईत व्हय?"

आक्का तो पाला शेणकाल्यात भिजवून मातीत मिसळायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात तिथे मेथी उगवली. आक्कांनी मूठभर माती माझ्या नाकाशी धरली. "बघ, वास बदलला." बस्स, एवढंच... पण त्या दिवशी मी त्या घरची झाले.

आक्का गेल्या. ती जमीनही आता आमची नाही. विकण्याआधी मी तिथली दोन घमेली माती आणली आणि पार्किंगमागच्या वाफ्यात मिसळली. पाला तिच्यासाठीच त्या वाफ्यावर साठवत होते, आणि ढीग तिथेच पेटवला गेला.

आज सकाळी ती माती मुठीत घेऊन बघितली. एक गांडूळ नाही. नुसता जळका वास... आणि मला तो दुसरा हवा होता.

चेअरमनसाहेब, आपण हे वाचताय हे मला माहीत आहे. आजपासून करंजाचा सगळा पाला माझ्या दारात आणून टाकावा. माती परत यायला तीन वर्षं लागतील. माझ्याकडे तेवढी आहेत असं धरून चाला. लेखी उत्तर येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं.

आणि त्यात 'कचरा' हा शब्द चालणार नाही.